पाहुणा चालेल, यजमान नको

५ नोव्हेंबर १९५६, सोमवार. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात काळ्या नागरिकांनी बसवर टाकलेला बहिष्कार बाराव्या महिन्यात शिरला होता. त्या संध्याकाळी साडेसातला, बातम्यांच्या आधीच्या पंधरा मिनिटांत, एनबीसी वाहिनीवर एक उंच, सडपातळ, नीटनेटक्या सुटातला काळा गायक दिसला. चेहरा घराघरात ओळखीचा होता. याआधी तो कितीतरी गोऱ्या कलावंतांच्या कार्यक्रमांत येऊन एखाद-दुसरे गाणे म्हणून गेला होता. त्या दिवशी मात्र कार्यक्रम त्याचाच होता: ‘द नॅट किंग कोल शो’. पाहुण्यांना बोलवायचे, त्यांचे स्वागत करायचे, प्रेक्षकांना शुभरात्री म्हणायचे, ही सगळी कामे आता त्याची.

हा मान तेरा महिने टिकला. कार्यक्रम पडला असे पुढे म्हटले गेले, आजही म्हटले जाते. मला ते पटत नाही. तो कसा संपला हे नीट पाहिले, तर त्या काळच्या अमेरिकेने काळ्या कलावंताला कुठवर आत येऊ द्यायचे ठरवले होते, ती रेघ स्पष्ट दिसते.

नॅथॅनियल अ‍ॅडम्स कोल्सचा जन्म त्याच माँटगोमेरीत, १९१९ साली झाला. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. नॅट लहान असतानाच हे कुटुंब दक्षिणेतून उत्तरेला, शिकागोला आले. त्या काळात दक्षिणेतली लाखो काळी कुटुंबे अशीच उत्तरेची वाट धरत होती. पियानोचे पहिले धडे आईने दिले. पण कान तयार झाला तो रस्त्यावर. शिकागोच्या ‘ग्रँड टेरेस’ क्लबमध्ये अर्ल हाइन्स पियानो वाजवत असे आणि ते वादन बाहेरून ऐकत हा मुलगा मोठा झाला. (हाइन्सच्याच बरोबरीचा, शिकागोतलाच आणखी एक जबर पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. तो पुढे आपल्या मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात येऊन वाजवत होता. त्या पिढीतल्या काळ्या वादकांना मायदेशात नसलेला मोकळेपणा असा दूरदेशी शोधावा लागला.)

सतरा-अठराव्या वर्षी नॅट एका संगीत नाटकाच्या फिरत्या संचात पियानो वाजवायला घराबाहेर पडला. तो संच कॅलिफोर्नियात लाँग बीचला बंद पडला, आणि नॅट तिथेच राहिला. लॉस एंजेलिसच्या छोट्या क्लबांतून मिळेल त्या पैशांत वाजवता वाजवता १९३७मध्ये त्याने तिघांचा ताफा उभा केला: ऑस्कर मूर गिटारवर, वेस्ली प्रिन्स बासवर, स्वतः पियानोवर. ड्रम नाही. मोठमोठ्या बँडच्या त्या जमान्यात ड्रमशिवाय तिघेच जण बसतात आणि तरीही लय क्षणभर सैल पडत नाही, हे ऐकून जाणकार चकित झाले. ऑस्कर पीटरसनपासून रे चार्ल्सपर्यंत अनेकांनी हा नमुना समोर ठेवला. नॅट कोल हा आधी थोर पियानोवादक होता. नंतरच्या कीर्तीने ही गोष्ट इतकी झाकून टाकली, की ती पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

गाणे मागून आले. १९४३च्या अखेरीस नव्या कॅपिटल कंपनीसाठी त्याने ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ हे स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रित केले. वडील प्रवचनात जी लोककथा सांगत, तिच्यावरच ते बेतलेले होते. एक गिधाड प्राण्यांना पाठीवर बसवून उडायला नेते, उंचावरून पाडते आणि खाते. माकडाची पाळी येते तेव्हा ते शेपटीने गिधाडाच्या मानेला विळखा घालते आणि सुखरूप खाली उतरते. आपल्या पंचतंत्रातल्या माकडाने मगरीच्या पाठीवर बसून जसा स्वतःचा जीव वाचवला, त्याच जातीची ही गोष्ट. दुबळ्याने डोके शांत ठेवून बलवंताच्या पाठीवरून पार व्हायचे. या गाण्याचे हक्क नॅटने त्याआधीच पन्नास डॉलरला विकून टाकले होते. गाणे देशभर गाजले, पैसा दुसऱ्याकडे गेला.

त्यानंतरचा चढता आलेख सर्वांना ठाऊक आहे: १९४६चे ‘द ख्रिसमस साँग’, १९४८चे ‘नेचर बॉय’, १९५०चे ‘मोना लिसा’, मग ‘टू यंग’ आणि ‘अनफरगेटेबल’. पियानो मागे सरला, व्हायोलिनांचा ताफा पुढे आला, जॅझचे कडवे भक्त नाराज झाले. त्यांचे दुःख मला समजते, पण त्या आवाजातही तोच पियानोवादक बसलेला आहे. शब्द किती उशिरा सोडायचा, कुठे श्वासाइतकी जागा ठेवायची, हे त्याला बोटांनी आधीच शिकवले होते. कॅपिटल कंपनीची त्याच्यावर एवढी कमाई झाली, की हॉलिवूडमधल्या तिच्या नव्या गोल इमारतीला लोक ‘नॅटने बांधलेले घर’ म्हणू लागले.

त्याच्या स्वतःच्या घराची कथा वेगळी होती. १९४८च्या ईस्टरला नॅटने गायिका मारिया एलिंग्टनशी हार्लेममधल्या अ‍ॅबिसिनियन बाप्टिस्ट चर्चमध्ये लग्न केले. लग्न लावले धर्मोपदेशक आणि काँग्रेसचे सदस्य अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांनी. हे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे. ऑगस्टमध्ये या जोडप्याने लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्क या श्रीमंत वस्तीत घर घेतले. त्या वस्तीत तोवर फक्त गोरे राहत. घरांच्या करारपत्रांतच काळ्यांना विकायचे नाही अशी कलमे असत. न्यायालयांनी अशी कलमे अमलात आणून देऊ नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात दिला होता. शाई वाळायच्या आत कोल कुटुंब तिथे राहायला आले. मालमत्ताधारकांच्या संघटनेने घर परत विकत घेण्याची तयारी दाखवली. वस्तीत नको असलेली माणसे यायला नकोत, असे तिच्या लोकांनी नॅटला सांगितले. नॅटने शांतपणे उत्तर दिले, की त्यालाही तेच वाटते, आणि तशी कुणी दिसली तर तक्रार करायला तोच आधी येईल. घर त्याने सोडले नाही. शेवटपर्यंत ते त्याचेच राहिले.

हे उत्तर म्हणजे नॅट कोलचा स्वभाव. आवाज चढवायचा नाही, जागा सोडायची नाही. काळ्या समाजातल्या अनेकांना मात्र यातली शांतताच तेवढी दिसली, न सोडलेली जागा दिसली नाही. १९५६च्या एप्रिलमध्ये हा वाद पेटला.

१० एप्रिलला अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या सभागृहात त्याचा कार्यक्रम होता. साथीला इंग्लंडहून आलेला टेड हीथचा बँड. शहराच्या नियमानुसार पहिला खेळ गोऱ्यांसाठी आणि नंतरचा काळ्यांसाठी. पहिल्या खेळात नॅट तिसरे गाणे म्हणत असताना काही गोरे इसम रंगमंचावर धावून गेले आणि त्यांनी त्याला खाली पाडले. ते वंशवादी संघटनेशी बांधलेले लोक होते, हल्ला आधीपासून ठरलेला होता. पोलिसांनी त्यांना पकडले. नॅटच्या पाठीला मार लागला होता. तो परत रंगमंचावर आला, आपण फक्त लोकांचे मनोरंजन करायला आलो होतो असे म्हणाला, आणि गोरे प्रेक्षक उभे राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवत राहिले. तो खेळ त्याने पुढे केला नाही. रात्री काळ्या प्रेक्षकांसमोरचा दुसरा खेळ मात्र पूर्ण केला.

मार खाल्ला तो त्याने, आणि टीकाही त्याच्यावरच झाली. वेगवेगळ्या बसवलेल्या प्रेक्षकांसमोर गायलाच का गेलास, असा प्रश्न काळ्या वर्तमानपत्रांनी विचारला. हार्लेममध्ये काही ठिकाणी ज्यूकबॉक्समधून त्याच्या तबकड्या काढल्या गेल्या. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संस्थेचे वकील थर्गुड मार्शल यांच्या नावावर एक फार बोचरे वाक्य छापून आले, की कोलच्या हातात आता फक्त बँजो द्यायचा राहिला आहे. म्हणजे गोऱ्या मालकाला रिझवणारा गुलाम. नॅटला हे खोल लागले. तो त्या संस्थेचा आजीव सदस्य झाला. ही टीका पूर्ण अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही. ज्या राज्यात बसमधल्या एका आसनासाठी माणसे महिनोन्‌महिने पायी चालत होती, त्याच राज्यात इतक्या मोठ्या कलावंताने विभागलेले सभागृह मान्य करणे लोकांना झोंबणारच. पण लढाईचे हत्यार प्रत्येकाचे वेगळे असते. नॅटचे हत्यार होते लोकांच्या घरात शिरणारा आवाज. आणि ते घेऊन तो आता जिथे निघाला होता, तिथे कोणताही मोर्चा पोहोचत नव्हता.

अमेरिकन दूरचित्रवाणी तेव्हा कशी चालत असे हे समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आपल्याकडे रेडिओ सिलोनवरच्या गीतमालेच्या नावात बिनाका होते, तशीच तिथली रीत होती. ‘टेक्साको स्टार थिएटर’, ‘कोलगेट कॉमेडी अवर’, ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’. डायना शोअर ही टेनेसीची गायिका शेव्हरले मोटारींची दूत झाली, पेरी कोमो सिगारेटच्या कंपनीच्या नावाने गात होता. गायकाने गावे, मधूनच हसतमुखाने मालाची शिफारस करावी, आणि घरच्या बाईने दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तीच वस्तू उचलावी, असा तो व्यवहार. जाहिरातदाराचे पैसे आले की कार्यक्रम उभा राही, नाहीतर नाही. दुसरी अडचण वाहिनीच्या रचनेत होती. एनबीसी कार्यक्रम बनवी, पण गावोगावची प्रक्षेपण केंद्रे बहुतेक खासगी मालकांची होती. न्यूयॉर्कहून येणारा कार्यक्रम घ्यायचा की नाही, हे त्या त्या मालकाच्या हाती असे.

नॅटच्या आधी हे दार कुणी ठोठावले नव्हते असे नाही. पियानोवादक आणि गायिका हेझल स्कॉट हिला १९५०च्या उन्हाळ्यात ड्यूमाँट वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला होता. ही हेझल म्हणजे नॅटचे लग्न लावणाऱ्या पॉवेल यांची पत्नी. कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा ठपका तिच्यावर आला, सप्टेंबरमध्ये ती आपणहून काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन बोलली, आणि आठवडाभरात तिचा कार्यक्रम बंद झाला. नॅटवर तसला कसलाच आरोप ठेवता येत नव्हता. राजकारण नाही, तोंडाळपणा नाही. देशभर लाडका आवाज, खपाची खात्री. त्याला नाकारायला एकच कारण उरत होते, आणि ते कारण उघडपणे कुणालाच उच्चारायचे नव्हते.

एनबीसीने कार्यक्रम राष्ट्रीय प्रायोजकाशिवायच सुरू केला. आपल्या पैशाने चालवू, तोवर कुणीतरी मिळेल, असा हिशेब. सोमवारच्या त्या वेळी समोर सीबीएसवर ‘रॉबिन हूड’ होते, मुलांनी घट्ट धरलेले. तरीही पंधरा मिनिटांचा कार्यक्रम चालत राहिला. ताफ्याची सूत्रे नेल्सन रिडलकडे होती. सिनात्राच्या त्या काळातल्या उत्तम तबकड्यांमागे असलेला हाच संगीतकार. १९५७च्या जुलैत कार्यक्रम अर्ध्या तासाचा झाला, आणि तेव्हा खरी बहार आली.

प्रायोजक नाही, म्हणून पाहुण्यांना द्यायला पैसे नाहीत. मग नॅटच्या मित्रांनी काय केले? हॅरी बेलाफाँटे, एला फिट्झगेराल्ड, पेगी ली, टोनी बेनेट, मेल टॉर्मे, सॅमी डेव्हिस, महालिया जॅक्सन, अर्था किट हे सगळे येऊन गेले, आणि यांपैकी कितीतरी जणांनी कलावंत संघटनेच्या किमान मजुरीवर काम केले. एरवी यांची बिदागी हजारांत होती. गोरे आणि काळे कलावंत एकाच रंगमंचावर, आणि सर्वांचे स्वागत करणारा काळा माणूस. हे दृश्य आज पाहताना इतके सहज वाटते, की त्यासाठी काय किंमत मोजावी लागली हे विसरायला होते.

माझ्या मते या सगळ्यांत मोलाचा भाग १५ ऑक्टोबर १९५७चा. नॉर्मन ग्रँझच्या ‘जॅझ अ‍ॅट द फिलहार्मोनिक’ या मैफलींची मंडळी त्या दिवशी आली: ऑस्कर पीटरसन, कोलमन हॉकिन्स, स्टॅन गेट्झ, रॉय एल्ड्रिज, जो जोन्स. १९४४मध्ये ग्रँझच्या लॉस एंजेलिसमधल्या पहिल्या मैफलीत नॅट पियानोवर होता. तेरा वर्षांनी ग्रँझची मंडळी पुन्हा त्याच्यासोबत होती, आणि या वेळी घर नॅटचे होते. आपल्याच वादनातून शिकून पुढे गेलेल्या पीटरसनला तो पियानोवर बसवतो, स्वतः गातो, एकेका वादकाला पुढे येऊ देतो आणि आपण बाजूला होतो. ज्याला सगळे येते त्याने दुसऱ्याला जागा कशी द्यावी, याचा हा वस्तुपाठ आहे. यजमानपण म्हणतात ते हेच. गोड बोलणे आणि हसणे कुणालाही शिकता येते.

प्रायोजकाचा शोध मात्र चालूच होता. ठिकठिकाणचे छोटे प्रायोजक मिळाले. न्यूयॉर्कमध्ये राइनगोल्ड बिअरवाले पुढे आले. देशभराची जबाबदारी घ्यायला कुणी तयार नव्हते. जाहिरात संस्था गोड शब्दांत सांगत, की त्यांना स्वतःला काही अडचण नाही, पण दक्षिणेतले ग्राहक माल घेणार नाहीत. सौंदर्यप्रसाधनांच्या एका कंपनीच्या माणसाने काळ्या कलावंताला लिपस्टिक विकता येणार नाही असे म्हटल्याचे नॅटने पुढे लिहिले. काळ्या बायका मग ओठांना काय खडू लावतात, असा त्याचा सवाल होता. दक्षिणेतली काही केंद्रे कार्यक्रम दाखवतच नव्हती. १९५७च्याच सप्टेंबरमध्ये दक्षिणेतल्या लिटल रॉक शहरातल्या शाळेत नऊ काळ्या मुलांना प्रवेश मिळावा म्हणून राष्ट्राध्यक्षांना लष्कर पाठवावे लागले. न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या जाहिरात संस्थांच्या कचेऱ्यांमध्ये मात्र कुणालाच दांडगाई करावी लागत नव्हती. नकार द्यायचाच नाही, होकार लांबवायचा, एवढे पुरे होते.

शरद ऋतूत कार्यक्रमाची जुलैत मिळालेली रात्री दहाची चांगली वेळ गेली. तिथे ‘द कॅलिफोर्नियन्स’ नावाची, प्रायोजक मिळालेली वेस्टर्न मालिका आली. नॅटला पुन्हा साडेसातची वेळ मिळाली. मग वाहिनीने आणखी दुय्यम वेळ पुढे केली, आणि या वेळी नॅट नाही म्हणाला. १७ डिसेंबर १९५७ला शेवटचा भाग झाला.

म्हणजे शेवटचा शब्द नॅटचा होता. कार्यक्रम चालला असता तर कसाबसा चालला असता, दर तिमाहीला थोडा आणखी मागच्या रांगेत सरकत, आणि मग एके दिवशी प्रेक्षकच नव्हते असे सांगून सगळे मोकळे झाले असते. नॅटने ती सोय कुणालाही ठेवली नाही. १९५८च्या फेब्रुवारीत ‘एबनी’ मासिकात त्याने सही करून लेख लिहिला. एनबीसीने शक्य तेवढे केले, प्रेक्षक होते, आडवी आली ती जाहिरात संस्थांची भीती, असे स्पष्ट सांगितले. या तेरा महिन्यांत आपण दूरचित्रवाणीचे जॅकी रॉबिन्सन होतो, असेही त्याने म्हटले. बेसबॉलच्या गोऱ्यांच्या संघात पहिल्यांदा उतरलेल्या त्या खेळाडूचे नाव घेताना त्याने खंतही लपवली नाही. बर्मिंगहॅमनंतर ज्याला गुलाम म्हटले गेले, त्याच माणसाने अमेरिकेतल्या एका बलाढ्य धंद्यावर नाव घेऊन बोट ठेवले होते. त्या लेखाची दखल त्याच्या टीकाकारांनी जितकी घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही.

पुढे गाणे थांबले नाही. १९५८मध्ये त्याने उच्चार पाठ करून स्पॅनिश गाण्यांची तबकडी केली आणि ती लॅटिन अमेरिकेत भरपूर गाजली. १९६२मध्ये ‘रॅम्बलिन रोझ’ने त्याला पुन्हा घराघरांत नेले. पण सिगारेट कधी सुटली नाही, ती आवाजाला खर्ज देते असे त्याला वाटे. फुप्फुसाच्या कर्करोगाने १५ फेब्रुवारी १९६५ला, पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

मधल्या सात वर्षांत दूरचित्रवाणीवर तो बरेचदा दिसला. शोअर, कोमो, एड सलिव्हन, जॅक बेनी यांच्या कार्यक्रमांत गेला, गायला, गप्पा मारल्या. त्या कार्यक्रमांमधून मोटारी, साबण, सिगारेट विकल्या जातच होत्या. नॅट पाहुणा म्हणून आल्यामुळे त्यांतल्या एकाही वस्तूचा खप घटल्याचे ऐकिवात नाही. १९७०च्या सप्टेंबरमध्ये त्याच एनबीसीने फ्लिप विल्सन या काळ्या विनोदवीराला आठवड्याला एक तास दिला. प्रायोजक मिळाले, दक्षिणेतल्या केंद्रांनीही कार्यक्रम घेतला, आणि विल्सनचा कार्यक्रम देशात पहिल्या काहींत जाऊन बसला.